नवरदेवाचा व्हीआर घोडा

१२ एप्रिल, लातूर
लग्न ठरलं. मुलगी मुरुडची, पुनम. सात मेला, मुरुडातच. सगळं झकास. फक्त लग्नाआधी मारुतीच्या देवळापर्यंत घोड्यावर बसून मिरवायचं म्हणते. मी घोड्याला भीत नाही. आमचं जमत नाही, एवढंच. म्हणलं, कार सजवू. तर म्हणली, तिचे थोरले दाजी घोड्याला भिऊन स्वतःच्या रिक्षात आले होते, गाव अजून त्यांना ‘रिक्षावाले दाजी’ म्हणतंय. माझी असली फजिती करू नका म्हणली.

१५ एप्रिल
उपाय सापडला. व्हीआर! डोळ्याला डबा बांधायचा, हातात रिमोट. मान फिरवली की आतली दुनिया पण फिरती. पायलट लोक ह्याच्यावर विमान शिकतेत, डॉक्टर ऑपरेशन. मग घोडा काय चीज हाय? मोबाइलचं दुकान आपलंच. मागवला.

१९ एप्रिल
पहिली स्वारी. मांडीखाली लोड, डोळ्यापुढं पांढरा घोडा. नाव ठेवलं सुलतान. पाच मिनिटांत मळमळ. सकाळच्या पोह्यांमुळं. डब्याचा दोष नाही. माझा तर नाहीच.

२३ एप्रिल
आईनं डबा मागितला. देवदर्शन लावून दिलं. चप्पल काढून बसली. गाभाऱ्यात पोचली आणि नारळ फोडला. टीव्हीवर. नवा टीव्ही लग्नानंतर बघू.

२७ एप्रिल
सुलतान आता माझं ऐकायलाय. नाला, कुंपण, डोंगर, सगळं पार. एकदाही पडलो नाही. एकदाही! रक्तातच असणार. आजोबा बैलगाडी हाकायचे.

१ मे
घोडेवाल्या निवृत्तीकाकांचा फोन. एकदा येऊन बसून बघा म्हणले, हलगी वाजली की घोडा नाचतो. म्हणलं, काका, लई अनुभव हाय. काकांनी विचारलं, कुठल्या घोड्यावर? म्हणलं, सुलतान. काका म्हणले, जिल्ह्यातली लग्नाची सगळी घोडी मला ठाऊक हायत, हा सुलतान कुणाचा? फोन ठेवून दिला. लोकांना टेक्नॉलॉजी कळत नाही.

६ मे, मुरुड
पुनमला मेसेज टाकला : उद्या बघच. तिनं हार्ट पाठवलं.

७ मे
लिहवत नाही. तरी लिहितो.
घोड्यावर चढलो. फेटा, मुंडावळ्या, एक नंबर. हलगी वाजली. घोडा पुढचे दोन्ही पाय उचलून नाचायला लागला. सुलताननं असलं कधी केलं नव्हतं. अंगठ्यानं थांबायचं बटन दाबलं. लगामाला बटन नसतंय. मग घाबरून, म्हणजे सावधपणे, डोळ्यावर नसलेला डबा काढायला गेलो. फेटा, मुंडावळ्या, सगळं ओढून फेकून दिलं. डोळे उघडले. घोडा तिथंच. मी हलगीवाल्याच्या गळ्यात.
घोडा वाजंत्रीमागं मारुतीपर्यंत एकटाच गेला. तिथं माझ्या आत्यानं सवयीनं त्यालाच ओवाळलं.
मला थोरल्या दाजींनी त्यांच्या रिक्षात घातलं. रस्ताभर हॉर्न लई वाजवला.

१० मे, लातूर
पुनमनं डबा लावून बघितला. म्हणली, अहो, ह्यात ‘लहान मुलांसाठी’ असं सेटिंग चालू हाय. ह्यातला घोडा कुणाला पाडतच नाही. मग हसली. पोट धरून हसली. मी पण हसलो, थोडं.
मुरुडात आता थोरल्या दाजींना अमरनाथराव म्हणतेत. रिक्षावाले दाजी म्हणजे मी.