लाँच पुतणीच्याच नावे

मी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा बेट ते किनारा प्रवासी लाँच चालवणे, राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र करून ठेवतो. कोणीही दबाव आणलेला नाही. आणायची कोणाची छातीही नाही.

१. राहते घर, पत्र्याच्या पडवीसह, माझ्या मुलाला मिळावे. त्याने ते विकावे नाहीतर पेटवावे. लाँचकडे मात्र फिरकू नये. त्याची आई कशी गेली ते कलम तीनमध्ये आहे. ते वाचून त्याला घरही नकोसे झाले, तर तेही पुतणीचे.

२. पाने, हातोड्या, जॅक, सगळी हत्यारे माझ्या जुन्या खलाशाला. तीस वर्षे तो माझ्यासाठी गप्प राहिला. आता त्याने खुशाल बोलावे.

३. लाँच, इंजिन व परवाना माझ्या मयत धाकट्या भावाच्या मुलीला. कारण लिहिणे भाग आहे.

भावाची लाँचही याच धक्क्यावरून सुटायची. उतारूंवरून आमची रोज जुंपायची. तो माझे दोर कापायचा, मी त्याच्या डिझेलमध्ये पाणी ओतायचो. एका दुपारी धक्क्याला आधी कोण लागतो यावरून आम्ही समोरासमोर आलो. त्याने चाक वळवले नाही. मीही नाही. माझी बायको पुढच्या कठड्याशी उभी राहून ओरडत होती, "अहो, वळवा! माणसं आहेत!" दोन्ही लाँचच्या मध्ये ती चिरडली गेली.

भावाची लाँच उलटली. तो पोहत आला आणि माझ्या कठड्याला लटकला. म्हणाला, "दादा, हात दे." मी लांब दांड्याचा लोखंडी आकडा उचलला आणि त्याच्या बोटांवर घातला. बोटे सुटेपर्यंत घालत राहिलो. मग त्याच आकड्याने नऊ उतारू वर ओढले. चौकशीत सांगितले, भाऊ दिसलाच नाही. लोकांनी मला शूर ठरवून प्रशस्तिपत्र दिले.

४. ते प्रशस्तिपत्र भिंतीवरून काढावे. वरचे कलम धक्क्यावर मोठ्याने वाचावे आणि मगच प्रशस्तिपत्र फाडावे.

५. पुतणी तेव्हा चार वर्षांची होती. मीच तिला वाढवली, चाक धरायला शिकवले. गेल्या रविवारी इंजिनाजवळ बसून तिला सगळे सांगितले. तिने एवढेच विचारले, "बाबा शेवटी काय म्हणाले?" मी सांगितले. तिच्या हातात मोठा पाना होता. तिने तो माझ्या उजव्या हातावर घातला, आणि खलाशाने मागे खेचेपर्यंत घालत राहिली. या हाताबद्दल कोणीही तिच्यावर तक्रार करू नये. केल्यास ती खोटी समजावी.

मग तिनेच हाताला फडके बांधले आणि लाँच किनाऱ्याला, डॉक्टरकडे नेली. वाटेत एकदाही वळून पाहिले नाही. उतरताना म्हणाली, "काका, लाँच मी चालवीन. पण तुम्ही हिच्यावर परत पाय ठेवायचा नाही."

६. तिची अट मला मान्य आहे. बेटावर मेलो, तर माझे प्रेत किनाऱ्याला दुसऱ्या कोणाच्या तरी होडीतून न्यावे.

वाचून दाखवले, बरोबर आहे. उजवा हात प्लास्टरमध्ये असल्याने डाव्या हाताचा अंगठा.

साक्षीदार:
१. धक्क्यावरचा तिकीटवाला (लिहिणारही तोच) – सही
२. हाडांचा डॉक्टर, मृत्युपत्र करणारा शुद्धीत असल्याची खात्री करून – सही

ठिकाण: किनाऱ्यावरचा दवाखाना, खाट क्रमांक चार
दिनांक: ९ फेब्रुवारी, सकाळी अकरा