राक्षस कोण, ते विचारायचं नसतं

१९ जानेवारी, सोमवार

कागदी ताटल्या आल्या! राक्षसाला बिया मारून हाकलायच्या सणाला, सेत्सुबुनला, पंधरवडा उरला आणि मुलांचे राक्षसाचे मुखवटे अजून सुरू नाहीत. दोन शिंगं, लोकरीचे केस, कानामागे इलॅस्टिक. तिसरीतला पोरगाही एका तासात करील. माझ्या चार वर्षांच्या फौजेला आठवडा लागणार आणि गोंद माझ्या केसांत जाणार.

नवी मुलगी सुझुने मागच्या महिन्यापासून आहे. रोज रडते. नुसतं पाणी गळतं डोळ्यांतून, आवाज नाही. ते जास्त अंगावर येतं.

२१ जानेवारी, बुधवार

सुझुनेच्या आईला, मिवाकोला, मोठ्या बाईंनी आत बोलावलं. मीही होते. नवऱ्यापासून पळून आली आहे ती, दोनदा गाव बदलून. तो शोधतोय. मुलीचा फोटो फळ्यावर नको, नाव चपलांच्या खणावर नको.

"तो गोड बोलतो," मिवाको म्हणाली. "कुणालाही पटवतो. दार तुम्हीच उघडून द्याल."

मला जरा रागच आला. वीस वर्षं बालवाडीत घालवली मी! म्हटलं, "अहो, मी आहे ना. अनोळखी माणूस सुझुनेपासून दहा हातांवरही यायचा नाही. माझा शब्द."

तिनं वाकून नमस्कार केला, पण विश्वास बसलेला दिसला नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

आज प्रत्येकानं आपापल्या पोटातला राक्षस सांगायचा आणि त्याचाच मुखवटा करायचा. गाजर न खाणारा राक्षस, भावाला चावणारा राक्षस. रेंताचा झोपेत शू करणारा राक्षस. पिवळा रंगवला त्यानं, लाज म्हणून नाही! सुझुनेचा रडका राक्षस, निळा.

सगळ्यांना डोळ्यांची भोकं मोठी हवीत. मी कात्री घेतली तर सुझुनेनं ताटली छातीशी धरली.

"भोकं नको."

"मग दिसणार कसं ग तुला?"

"भोकं पाडली की तो मला बघेल."

रेंता हसला. मला नाही हसू आलं. शेवटी दोन बारीक चिरा पाडल्या.

२७ जानेवारी, मंगळवार

दुपारी फोन. पुरुषाचा आवाज, अगदी मऊ. "तुमच्याकडे सेत्सुबुनला पालकांना येता येतं का? किती वाजता असतं?"

"कुणाचे वडील आपण?"

त्यानं फोन ठेवला.

मोठ्या बाईंना सांगितलं, मिवाकोलाही. ती पांढरीफटक पडली. जाताना फाटकाशी उभी राहून विचारते, "सेत्सुबुनला राक्षस कोण होतं?"

मी हसले. "ते सांगायचं नसतं हो! मुलांच्या कानावर गेलं तर सगळी मजाच गेली. पालकांनाही नाही सांगत आम्ही."

"पण तुम्हाला माहीत असतं ना?"

"दरवर्षी तेच तर असतात."

टोफूवाले गोंदा आजोबा. मागच्या कोठीत गवताचा झगा आणि लाल मुखवटा टांगलेला असतो. ते मागच्या दारानं येतात, चढवतात, गर्जतात, मार खातात, जातात. कुणी 'या' म्हणत नाही की 'बसा' म्हणत नाही. आमच्यात राक्षसाशी बोलतं कोण?

३० जानेवारी, शुक्रवार

बर्फ थांबत नाही. समोरच्या कोपऱ्यावर करडी गाडी, इंजिन चालू. मी फावडं घेऊन बाहेर गेले तर निघून गेली. गेल्या आठवड्यातही बघितली होती की काय? आठवत नाही, आणि आठवत नाही म्हणून भीती वाटते.

पुढच्या फाटकाचं कुलूप बदललं.

२ फेब्रुवारी, सोमवार

वर्तमानपत्राचे बोळे केले, दोन टोपल्या. खऱ्या बिया लहान मुलांच्या घशात अडकतात, म्हणून हे. सुझुनेनं सगळ्यांत जास्त केले. घट्ट, दगडासारखे.

३ फेब्रुवारी, मंगळवार

झालं! पार पडलं.

दहाला मागचं दार धडधडलं. सगळी पोरं मुखवटे लावून माझ्या मागे. लाल तोंड, गवताचा झगा, बर्फानं भरलेले गमबूट. किंकाळ्या! "राक्षस बाहेर! सुख आत!" बोळ्यांचा पाऊस. रेंता तर टेबलाखालीच.

आजोबा यंदा गर्जलेच नाहीत. वाळलेतही थंडीनं. म्हातारपण. नुसते चालत आले आणि एकेकाचा मुखवटा वर करून चेहरा बघायला लागले. पोरांची पाचावर धारण. ही युक्ती नवीन, मला आवडली.

निळ्या मुखवट्यापाशी थांबले. वर केला. आणि सुझुने रडली नाही! मी टाळ्याच पिटल्या. त्यांनी तिला उचललं, कडेवर घेतलं, मागच्या दाराकडे निघाले. पोरं ओरडतायत, "बाई, वाचवा!" मी मजेत म्हटलं, "न्या हो न्या या रडूबाईला! आम्हाला नकोच!"

राक्षस दारात थांबला, आमच्याकडे तोंड करून. बराच वेळ. मोठ्या बाईसुद्धा हसत होत्या. मग तिला अलगद खाली ठेवलं आणि गेला.

संध्याकाळी मिवाकोला मोठ्या कौतुकानं सांगितलं, "रडली नाही हं आज! राक्षसानं उचललं तरी नाही." ती माझ्याकडे बघत राहिली. मुलीचा हात धरून गेली.

त्याच दिवशी, रात्री

आभार मानायला टोफूच्या दुकानात गेले. गोंदा आजोबा स्टुलावर, पाय घोट्यापर्यंत पट्टीत.

"बाई, रागावू नका हं. पहाटे बर्फावर घसरलो. बायकोनं निरोप दिला ना फाटकाशी?"

"कुणाला?"

बायको आतून म्हणाली, "होती कुणीतरी आई. तोंडाला मास्क, ओळखायची कशी? म्हणाली, मी सांगते बाईंना. झगा कोठीत असतो, तेही सांगितलं मी तिला."

मला कुणी काही सांगितलं नाही. मग आत आला तो कोण? मुलीला कडेवर घेऊन दारात कोण उभं होतं? आणि मी टाळ्या वाजवत होते!! मी, शब्द देणारी!

मिवाकोला फोन केला. उचलत नाही. घरापर्यंत पळत गेले. अंधार, दाराशी सायकल नाही. मोठ्या बाई पोलिसांशी बोलतायत. तो मऊ आवाज कानातून जात नाही. देवा, पोर सुखरूप असू दे.

४ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी मिवाको आली. सायकलवर दोन बोचकी, मागे सुझुने. मी रस्त्यावरच रडायला लागले.

ती म्हणाली, "ती मीच होते, बाई. निरोप मला मिळाला, म्हटलं बघू या. मी तिला दारापर्यंत नेलं. कुणी नाव विचारलं नाही."

आणि मग, "तुम्ही तर न्या म्हणालात."

'कुठे चाललात' एवढं ओठांवर आलं, ते गिळलं.

मायलेकी स्टेशनाकडे गेल्या.