खिशावर डाग जुळत नाही

९ जानेवारी, शुक्रवार

चष्मा डोक्यावर आहे, शोधू नका. ही वही कशासाठी आहे तेही विसरले असाल, म्हणून पुन्हा सांगते. तुम्ही सकाळी बोललेलं संध्याकाळी नाकारता. "मी असं कधी म्हटलं?" लग्नाला बावन्न वर्षं झाली आणि बावन्न वर्षं मी साक्षीदाराशिवाय भांडली. आता साक्षीदार आहे. मी बोलते, सून वंदना लिहिते, वर तारीख टाकते. मला अक्षर येत नाही, पण तारीख बरोबर येते.

आजची नोंद. दुपारी पेंटरसाहेब, म्हणजे तुम्हीच, म्हणाले, "हे सगळं भंगारवाल्याला देऊन टाक." सगळं म्हणजे टेबल, टेबलावरचा दिवा, ब्रश, रंगाच्या डब्या आणि प्लास्टिकचे बारा सैनिक, बोटाच्या दोन पेरांएवढे. फॅक्टरीत यांनी चौतीस वर्षं फौजेच्या ट्रकांना रंग मारला. रिटायर झाल्यावर लोक भजन करतात. आमचे हे खेळण्यातल्या फौजेला कपडे चढवतात. मार्चमध्ये नागपूरला अशा देखाव्यांचं बक्षिसाचं प्रदर्शन आहे, दरवर्षी जातात. यंदाचा देखावा असा की ट्रक बंद पडला आहे आणि शिपाई रस्त्यावर खोळंबले आहेत. ट्रक तयार, रस्ता तयार, धूळसुद्धा तयार. माणसं अजून उघडीच.

कारण उजवा हात. दिवाळीपासून थरथरून राहिला. डॉक्टर म्हणाले जिवाला धोका नाही. जिवाला नाही, ब्रशाला आहे. आज एका सैनिकाचा डोळा गालावर गेला.

मी म्हटलं, भंगारवाला येईल तेव्हा बघू.

(आई म्हणतात 'रागानं म्हणाले' असं लिही. पण बाबा रागावले नव्हते. रडवेले झाले होते. – वं.)

१२ जानेवारी, सोमवार

पें. सा. विहारात मीटिंगला गेले. (पेंटरसाहेब. रोज पूर्ण लिहायला हात दुखतो. – वं.) मी टेबलाशी बसली. मागच्या वर्षी दोन्ही डोळ्यांत नवी भिंगं बसवली, ती काय फक्त मालिका बघायला?

एक शिपाई उचलला. बाटलीच्या झाकणावर चिकटवलेला होता, झाकण धरायचं, माणसाला हात लावायचा नाही, एवढं मला बघून बघून माहीत. ब्रश जमला नाही, फार नखरेल. सुई उलटी धरली. सुईच्या नाकात रंगाचा एक थेंब मावते, नेमका तेवढाच डाग, फौजी कपड्यावर असते तसा. डाव्या बाहीवर तीन काळे. मग उजव्या बाहीवर. मग छातीवर. फार सुंदर झाला. मी त्याला परत होता तसा ठेवून दिला आणि भाजी निवडायला बसली, जसं काही केलंच नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

सकाळी पें. सा. टेबलाकडे गेले. खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. मला वाटलं ठसका लागला, पाणी घेऊन धावली. हसून राहिले होते!

"काहून हसता?"

"अगं, ही रांगोळी आहे! डावीकडे तीन, उजवीकडे तीन, मधे कमळ. हा जंगलात लपायला चालला का हळदीकुंकवाला?"

बघितलं तर खरंच. हात आपोआप दोन्हीकडे सारखं करत गेला. पन्नास वर्षांची सवय.

पण दिवाळीनंतर हे पहिल्यांदा असे हसले. बशीतला चहा सांडला. मी म्हटलं, तो हातानं नाही सांडला, हसण्यानं सांडला, वंदना, वेगळं लिहून ठेव.

१७ जानेवारी, शनिवार

लाजेनं की काय, झोपेत जुनी गोष्ट वर आली. मुलगा नंदू पाळण्यात होता तेव्हा मी सदर बाजारातल्या एका ठेकेदाराचं शिलाईचं काम घरी आणायची. फौजी शर्ट. कोणाकडे बाह्या, कोणाकडे कॉलर, माझ्याकडे खिसे. फक्त खिसे. पहिल्या दिवशी मी काय हौशी! ढिगातून एकेक तुकडा शोधून शर्टाच्या डागाला खिशाचा डाग जुळवला, जसं चौकडीच्या कापडाला आपण जुळवतो. दिवसभरात चार शर्ट झाले. ठेकेदार कपाळाला हात लावून म्हणे, "दीदी, साड़ी का किनारा थोड़ी है! जो टुकड़ा हाथ आए, लगाओ."

म्हणजे खिसा नेहमी दुसऱ्या जागच्या कापडाचा. डाग खिशाच्या कडेला येते आणि तिथंच तुटते.

रांगोळीवाल्या शिपायाला पुसून पुन्हा रंगवलं. यावेळी खिसे आधी, बाकी शर्ट मागून. डाग खिशाशी आणून तोडला. असा फौजी दिसू लागला की मीच त्याला जयभीम घातला.

१८ जानेवारी, रविवार

भांडण. तारीख नीट टाक.

पें. सा. भिंग लावून बघतात आणि म्हणतात, "खिशावर चुकलं. रंगाचा पट्टा सलग गेला पाहिजे."

मी: "जात नाही."

ते: "चौतीस वर्षं मारला पट्टा. दारावरून निघाला की थेट बॉनेटवर, मधे कुठं तुटत नाही."

मी: "ट्रक आधी जोडता, मग रंगवता. कापड आधी रंगवतात, मग जोडतात. तुमच्या ट्रकाला शिवलं होतं का कोणी?"

मग म्हणाले, "फोटोत सलग दिसते." फोटो आणला. फोटोत शिपायाचा हातच खिशावर.

मग मी भिंतीवरून हाक मारली. पलीकडे तिवारीजी राहतात, रिटायर सुभेदार. म्हटलं भैया, ट्रंकेतली वर्दी दाखवा. ते नुसती दाखवतात का? घालूनच आले. बटणं वरची दोनच लागली, बाकी पोटानं नामंजूर केली.

"भाभीजी, सैल्यूट करूँ क्या?"

"सैल्यूट नको, सीधे खड़े रहो और साँस अंदर."

तिघांनी खिसा बघितला. तुटलेला! डावाही तुटलेला, उजवाही. तिवारीजी म्हणे, "बीस साल पहनी, कभी देखा ही नहीं." मी टाका पण बघितला. माझा नव्हता. माझा सरळ असते.

पें. सा. काय म्हणाले ते शब्द न बदलता लिही. "बरोबर आहे तुझं." लिहिलं? खाली रेघ मार. दोन मार.

२३ जानेवारी, शुक्रवार

तरी टेबलाशी बसत नाहीत. दारात उभे राहून बघतात, जसं दुसऱ्याच्या घरचं लग्न. मी म्हटलं या ना. म्हणाले, "प्रदर्शनात काम स्वतःच्या हाताचं लागते. तू रंगवलं आणि मी नेलं तर ती चोरी आहे."

मी म्हटलं, नेऊ नका. घरी तर बसा.

"मग उपयोग काय?"

याला उत्तर जेवताना सुचलं, तेव्हा ते झोपले होते.

२८ जानेवारी, बुधवार

आज युक्ती केली. हिरवा मुद्दाम वाईट कालवला. पें. सा. दारात. बघवेना त्यांना.

"हा पालकाचा हिरवा आहे."

"मला तर चांगला दिसते."

"अगं, आमटीत टाकशील का अंगावर घालशील? सरक."

सरकली. बसले! थेंबभर पिवळा, मग जरासा काथ्या तपकिरी, मग काडीच्या टोकावर काळा. दोन पेल्यांमधे मला फरक दिसत नव्हता, त्यांना दिसत होता. हात थरथरत होता, पण कालवायला काय, स्वतःच म्हणाले, "ढवळायला तर बरंच आहे, मोटर लागली." हा विनोद त्यांचा. त्यांचा विनोद लिहायचा म्हणजे पान वाया, पण लिही.

(हिरवा खरंच मुद्दाम बिघडवला होता का, असं मी विचारलं. आई म्हणाल्या, तू लिहायचं काम कर. – वं.)

११ फेब्रुवारी, बुधवार

आठ झाले. रोज जेवण झाल्यावर दोन तास. ते रंग करतात, मी सुई चालवते, वंदना शाळेच्या वह्या तपासते, मधेच आमची वही. शिपायांना नावं दिली. पाणी पिणारा तो नंदू, कामाच्या वेळी नेहमी तहान. बॉनेटमधे डोकं घालून बसलेला तो पें. सा. टेकून बसलेला एक आहे, त्याला काहीच काम नाही, तो जावई. पें. सा. म्हणतात आपल्याला मुलगीच नाही. म्हटलं म्हणून तर असा निवांत बसलाय.

काल जावयाचा गुडघा रंगवताना मी म्हटलं, इथं कापड विटलेलं पाहिजे, बसून बसून विटते. पें. सा. माझ्याकडे बघतच राहिले. मग विटका हिरवा करून दिला. फार वेळ लावला त्याला.

शेवटचे चार आता हाती घेऊ.

२२ फेब्रुवारी, रविवार

फॉर्म आला. वंदनानं वाचून दाखवला. एकच नाव लिहायचं. काम संपूर्णपणे स्वतःच्या हातचं असलं पाहिजे, खाली सही.

पें. सा. म्हणाले, "शेवंता, तुझं नाव लिहू."

मी: "ट्रक मी केला का? रस्ता मी केला? ती पण चोरीच."

"मग जायचंच नाही."

झालं. दीड महिन्याची मेहनत आणि गडी पुन्हा दिवाळीनंतर बसायचा तसा खुर्चीवर भिंतीकडे तोंड करून. मला इतका राग आला की मी जोरात बोलली. म्हटलं, फॅक्टरीतून ट्रक बाहेर पडायचा तो काय तुमच्या एकट्याच्या हातचा होता? मग छाती काढून "माझा ट्रक" काहून म्हणत होते?

मग वंदनानं स्वतःच्या अकलेनं त्यांचं नाव लिहून फॉर्म पुढे केला. सही केली. वाकडी आली, पण केली.

मी अट घातली. तिथं कोणी काही विचारलं तर गप्प राहायचं. म्हणाले, "काही बोलणार नाही." रेघ मार.

१३ मार्च, शुक्रवार

गेले. नंदू सोबत आहे. पेटी पें. सा. स्वतः मांडीवर घेऊन बसले, नंदूला हात लावू दिला नाही. माझा गुडघा बसच्या लायकीचा नाही, म्हणून मी घरी. गावाबाहेरचा तिलवाऱ्याचा पूल ओलांडताना फोन. "सगळे उभे आहेत." म्हटलं, जावई पण? "तो बसला आहे." मग नंदूचा आवाज, "आई, बाबा दर दहा मिनिटांनी झाकण उघडून राहिले."

टेबल रिकामं दिसते. वंदना म्हणाली पुसून ठेवू का. म्हटलं राहू दे. एक पेला हिरवा उरला आहे, त्यावर बशी झाकली.

१४ मार्च, शनिवार

दुपारी फोन आला. स्पीकरवर टाकला, वंदना ऐकून लिहून राहिली.

परीक्षक आले. सगळ्या टेबलांवर एकेक मिनिट, आमच्या टेबलावर भिंग काढलं. वाकून वाकून खिसे बघितले. विचारलं, "काका, खिशावर डाग तोडायचं कुठून शिकलात? हे कोणी करत नाही."

एवढं साधं होतं. म्हणायचं, वर्दी बघितली. खोटं पण नव्हतं.

पें. सा. काय म्हणाले? "मी नाही शिकलो. बायकोनं केलं. तिनं फौजेचे खिसे शिवले आहेत. मी फक्त रंग कालवला."

सगळ्यांसमोर!

आता ती मंडळी बसली आहेत खल करत. एकाचं म्हणणं, नियम म्हणजे नियम, बाहेर काढा. दुसऱ्याचं म्हणणं, दोन नावं चालवा. उद्या सांगतील. मला वाटलं पें. सा. खचले असतील. पण आवाज असा येत होता, जसा नंदू झाला तेव्हा दवाखान्याच्या पायरीवरून आला होता. म्हणाले, "अगं, तुझं नाव विचारलं त्यांनी. स्पेलिंग विचारलं." मी म्हटलं मला काय माहीत स्पेलिंग, तुम्ही काय सांगितलं? "सांगितलं बरोबर."

पुढे अजून. तिथल्या चार तरुण मुलांना हा हिरवा कसा कालवतात ते बघायचं आहे, म्हणून पें. सा. मंगळवारपर्यंत बहिणीकडे, सुमनबाईंकडे राहणार. हात थरथरते म्हणून सांगितलं का त्यांना? "सांगितलं. ते म्हणाले, काका, तुम्ही नुसतं बघून सांगा." आणि आठ दिवसांनी पुन्हा जायचं म्हणतात. मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही.

(फोन ठेवल्यावर आई म्हणाल्या, डोळ्यांत नव्या भिंगांचं पाणी येते. हे लिहू नको म्हणाल्या. लिहिलं. – वं.)

आता शेवटचं, आणि हे वंदना तुम्हाला आत्ताच पुन्हा फोन लावून वाचून दाखवेल. निकाल काय लागायचा तो लागो. नंदू उद्या रात्रीच्या बसनं परत येते, त्याच्या हाती सुमनबाईंच्या कुरडया पाठवा. गव्हाच्या, यंदाच्या. मागच्या वर्षीच्या देऊ लागल्या तर हसून नाही म्हणा. भिवापुरी मिरची पावभर, देठासकट. संत्र्याची बर्फी पाठवू नका, ती दाताला चिकटते आणि तिवारीजी अर्धी खातात. कुरडयांना वेगळा डबा, खाली कागद, वर कागद, आणि नंदूला सांगा मांडीवर धर. अख्ख्या आल्या तर तुम्ही याल तेव्हा तळीन. चुरा आला तर त्याची भाजी करीन, आणि तीच तुम्हाला आठ दिवस वाढीन.