तेजोहस्तांचा छळ आणि फ्लॅट नंबर सात

२ फेब्रुवारी, पहाटे ५.१०
उठलो. आजपासून कादंबरी. रोज हजार शब्द, काय वाटेल ते होवो. विषय: तेजोहस्त. म्हणजे ज्यांच्या तळहातातून आग निघते असे लोक. साधी माणसं त्यांना घाबरतात, छळतात, हाकलून देतात. वंचितांच्या वेदनेला फँटसीतून कुणी हात घातलेला नाही. मी घालणार.
शीर्षक लिहिलं. अक्षर सुबक आलंय.

२ फेब्रुवारी, सकाळी ८
डोळा लागला होता.

९ फेब्रुवारी
पहिलं प्रकरण पूर्ण. लिहिताना स्वतःच रडलो. बायको म्हणाली, रडून झालं असेल तर गिझर बंद करा. विमा कंपनीच्या रेकॉर्ड सेक्शनमध्ये एकोणीस वर्षं काढल्यामुळे छळ म्हणजे काय ते मला आतून ठाऊक आहे. माझ्यातली शक्ती तिथे कुणी ओळखलेली नाही.

११ फेब्रुवारी
टायपिंगचा प्रश्न सुटला. आमच्याच बिल्डिंगमध्ये, सात नंबरात भाड्याने राहणाऱ्या बाई घरी टायपिंगची कामं घेतात. त्यांना आणि त्यांच्या मिस्टरांना, दोघांनाही ऐकू येत नाही, बोलता येत नाही. एकमेकांशी हातांनी बोलतात, बाकीच्यांशी चिठ्ठीवर. बाईंनी लिहून दिलं: अक्षर लागतंय, काळजी नको.
त्यांचे हात बघून तेजोहस्तांच्या हालचाली सुचल्या. निरीक्षण लागतं त्याला.

१७ फेब्रुवारी
लेकीने तीन प्रकरणं वाचली. म्हणाली, बाबा, तुमची माणसं नुसता हात वर करून अख्खं गाव जाळू शकतात, मग गावकरी घाबरले तर त्यांचं चुकलं काय? ज्यांना खरंच छळतात ना, त्यांच्याकडे जाळायला काडीसुद्धा नसते.
तिला रूपक कळत नाही. कॉमर्सला घातली तिथेच चुकलं.

२१ फेब्रुवारी
बिल्डिंगच्या कमिटीची मीटिंग. सेक्रेटरी असल्यामुळे मला जावंच लागतं. विषय: सात नंबर. दारं आपटतात. सकाळी सहाला मिक्सर. पाहुणे आले की जिन्यात हातवारे. चेअरमन म्हणाले, यांच्यातला एक आला की मागून चार येतात. तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दार हळू लावा असं एकदा तरी कुणी लिहून दिलंय का त्यांना? कुणी दिलं नव्हतं. मग मतदान. भाडेकरार वाढवायला ना-हरकत द्यायची नाही, असं ठरलं. मी व्यक्तिशः तटस्थ होतो. हात बहुमताबरोबर वर गेला, ती गोष्ट वेगळी.
नोटिशीचा मसुदा माझ्याकडे. माझी भाषा चांगली आहे हे निदान चेअरमनना तरी कळतं.

२३ फेब्रुवारी
एका बैठकीत दोन कामं हातावेगळी. चौथं प्रकरण, ज्यात राजा तेजोहस्तांच्या हद्दपारीचं फर्मान काढतो, आणि कमिटीची नोटीस. फर्मान लिहिताना जीव पिळवटून निघाला. नोटीस झरझर उतरली. प्रकरण टायपिंगला दिलं.

२४ फेब्रुवारी
नोटीस सापडत नाही. बॅग उलटी केली. बायकोला विचारलं. ती गिझर बंद करायला गेली.

२६ फेब्रुवारी
सापडली. प्रकरणाच्या पानांत गेली होती. बाईंनी टाईपही केली. पान एकेचाळीसवर राजाचं फर्मान संपतं आणि लगेच पुढे: फ्लॅट नंबर सातमधील रहिवाशांमुळे इतरांच्या शांततेस बाधा येत असल्याने त्यांनी मार्चअखेर जागा रिकामी करावी, त्यांच्याविषयी पूर्ण सहानुभूती आहे. सांधा कुठे कळत नाही. शैलीची एकसंधता म्हणतात ती हीच. 'सहानुभूती'तला माझा ऱ्हस्व 'भु' बाईंनी दीर्घ करून दिलाय.
सोबत चिठ्ठी होती: हा फ्लॅट नंबर सात कादंबरीतला की आमचा?
'कादंबरीतला' असं लिहून पाठवलं. लेखकाला थोडं स्वातंत्र्य घ्यावं लागतं.

२७ फेब्रुवारी
वॉचमनने सात नंबरला नोटीस दिली. खाली माझी सही. ती पदाची सही आहे, माणसाची नव्हे. काही दिवस जिना टाळून लिफ्टने जाणार. गुडघ्यांसाठी.

६ मार्च
डॉक्टरीणबाई अर्ज घेऊन घरी आल्या. फेरविचाराला दहा सह्या लागतात, नऊ झाल्यात, पहिली तुमच्या मिसेसची. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं! म्हणाल्या, तुम्ही तर याच विषयावर पुस्तक लिहिताय म्हणे. म्हटलं, म्हणूनच तर. लेखकाने बाजू घ्यायची नसते. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि चहा न घेताच गेल्या.
लेक माझ्याशी बोलत नाही. परीक्षेचं टेन्शन.

२९ मार्च
शेवटचं प्रकरण संपवून कालच टायपिंगला पाठवलं. नायक मुठी मिटतो, शहराला क्षमा करतो, निघून जातो. उदात्त झालंय.
खाली सात नंबरचा टेम्पो उभा होता. बायको आणि लेक खोकी उचलायला गेल्या. मला प्रस्तावना लिहायची होती.

३१ मार्च, संध्याकाळी ६
सात नंबरने जाताना ठेवलेला गठ्ठा वॉचमनने आणून दिला. अख्खी कादंबरी, दोनशे बारा पानं, एक चूक नाही. इतक्या गडबडीत पूर्ण केली! बाईंची चिठ्ठी: सगळं वाचलं. शंका एकच. फर्मान राजाने काढलं, पण ते राजाला लिहून कुणी दिलं? तो माणूस पुस्तकात कुठेच नाही.
सूचना तांत्रिकदृष्ट्या योग्य आहे. लगेच पात्र उभं करायला बसलो. दरबारी लेखनिक. वय चौपन्न. भाषा चांगली. मनाने हळवा.
'हळवा' खोडलं.
याला एखादी तरी शक्ती द्यावी म्हणून बराच वेळ बसलो. सही करता येते, एवढीच सापडली.