आई वाड्यावर हाय

बाई, तुम्हाला जाऊन पंधराएक वर्षं झाली. तुमच्या दहाव्याला मी आले नव्हते. येता येत होतं, तरी आले नव्हते. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे कुठे माझा सूर मऊ लागला तर तुमचा गैरसमज नको. मी आता तुमचंच काम करते. गृहचौकशीला गावोगाव फिरते, घरं बघते, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारते आणि कुठलं मूल कुणाकडे राहावं यावर शेरा लिहिते. गेल्या महिन्यात आमच्याकडे जुन्या फायली संगणकावर चढवायचं निघालं आणि एका धुळकट गठ्ठ्यात माझीच फाईल हाती आली. दोन पानांची. तुमचं अक्षर पाहताक्षणी ओळखलं. सुरेख होतं, त्याबद्दल वाद नाही.

मी तेव्हा दहा वर्षांची. माण तालुक्यात, आमच्या गावाकडे, चारा संपला की आमची मेंढरं लोणंदकडच्या कालव्याच्या पट्ट्यात उतरायची, आणि त्या वर्षी लोणंदच्या भर बाजारात माझा आईच्या हातातला हात सुटला. पोलिसांनी विचारलं तर मला फक्त गावाचं नाव सांगता आलं. आईबाप त्या दिवशी नेमके कुणाच्या रानात आहेत हे कुठून सांगणार? मेंढरं दोन-चार दिवसांनी नवं रान धरतात. त्यांनी मला तुमच्या बालगृहात आणून सोडलं. तुम्ही दारात उभ्या होतात, इस्त्रीच्या साडीत, आणि मी "भूक लागली हाय" म्हणाले तर तुम्ही म्हणालात, "हाय नाही, आहे म्हण. मग जेवायला मिळेल." मी म्हटलं. वरण-भात गरम होता हेही खरं आहे.

त्यानंतर रोज तेच. "न्हाई" म्हटलं की टाळूवर टिचकी, "कवा" म्हटलं की पाटीवर दहा वेळा "केव्हा". थंडीत तुम्ही मला एक निळा स्वेटर दिलात आणि सगळ्या मुलींसमोर म्हणालात, "शुद्ध लोकरीचा आहे, जपून वापर." बाई, मी मेंढरांत जन्मलेली पोर. हात लावताच मला कळलं की ह्याचा लोकरीशी संबंध नाही. पण बोलले नाही. तुम्हाला चुकीचं सांगितलेलं आवडायचं नाही, आणि तुमचंच चुकलं असं सांगितलेलं तर मुळीच नाही. एवढ्या सगळ्यात तुम्ही माझ्या घराविषयी मात्र मला एक अक्षर विचारलं नाहीत. ते तुम्ही गावात जाऊन विचारलंत.

पहिलं पान त्या भेटीचं आहे. घराला कुलूप. शेजारच्या म्हाताऱ्याला तुम्ही गाठलंत, आणि तो जे बोलला ते तुम्ही त्याच्याच शब्दांत उतरवलंय, पुरावा म्हणून. "बाप मेंढरामागं आसतू. आई वाड्यावर हाय." तुम्ही विचारलंत, कुणाच्या वाड्यावर? "आता पाटलाच्या हाय म्हणत्यात. म्होरल्या म्हैन्यात कुणाच्या आसंल, कुणास ठावं." आणि त्याखाली तुमचा शेरा: "मुलीची आई नवऱ्यापासून दूर, वेगवेगळ्या धनिकांच्या वाड्यांवर राहते. वर्तन संशयास्पद. मुलीचा ताबा देऊ नये."

बाई, मेंढपाळाचा वाडा म्हणजे त्याचा तळ. मोकळ्या रानात जाळी लावून मेंढरं बसवायची, शेजारी तीन दगडांची चूल मांडायची, घोड्यावरचं बिऱ्हाड उतरवायचं, की झाला वाडा. खतासाठी पाटील आपल्या रानात मेंढरं बसवून घेतो, म्हणून वाडा पाटलाच्या रानात. बाप मेंढरं चारत मागून येतो आणि आई बिऱ्हाड घेऊन पुढे जाऊन जागा धरते, म्हणून आई वाड्यावर. हे माणमधलं शेंबडं पोरही सांगेल. पण "बाई" आणि "वाड्यावर" हे दोन शब्द शेजारी आले की शहाण्यासुरत्या माणसांच्या मनात जे येतं तेच तुमच्या मनात आलं. ज्यांनी ध चा मा केला त्यांनी निदान ठरवून केला होता. तुम्ही माझा एकेक शब्द दुरुस्त करत होतात, आणि जो एक शब्द तुम्हाला कळला नव्हता त्याचा अर्थ विचारायला तुमची जीभ उचलली नाही.

चार महिन्यांनी माग काढत दोघं आले. आई ठेवणीतलं लुगडं नेसलीय, बापाच्या खांद्यावर घोंगडं आहे. मी तुमच्या टेबलाशेजारी उभी आहे. तुम्ही आईला विचारता, "तू वाड्यावर राहतेस?"

"व्हय की बाई," आई हसून सांगते. "आमचं समदं वाड्यावरच. लगीन झाल्यापास्नं."

"आणि नवऱ्याला चालतं हे?"

"आवं, त्येनंच तर न्हेलं मला."

तुमचा चेहरा असा झाला की जणू चहात माशी निघाली. तुम्ही दोघांना बाहेर बसायला सांगितलंत, मला आतल्या खोलीत नेलंत आणि थोड्या वेळानं बाहेर जाऊन म्हणालात, "सरकारी नियमाप्रमाणे मुलगी मिळणार नाही. वर्षातून एकदा भेटता येईल." बाप तुमच्या पाया पडला. तुम्ही पाय मागे घेतलेत. तेवढ्यावर आठ वर्षं गेली, बाई. आईच्या हातची भाकरी, घरातली आजारपणं, धाकट्या भावाचं बारसं, सगळं माझ्यावाचून झालं. तुमच्यासाठी ते एक निकाली प्रकरण होतं. मला तुमचा राग येतो. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण जिवंतपणी तुमच्यापुढे बोलायची सोय कुठे होती?

मागच्या रविवारी मी फाईल घेऊन गावी गेले. आई आता घरीच असते, गुडघे गेलेत, मेंढरं भाऊ बघतो. तिला वाचता येत नाही. मी पहिलं पान वाचून दाखवलं. तिला आधी कळेना. मग कळलं, आणि तिनं पदर तोंडावर घेतला.

"म्हंजी त्या बाईला वाटलं मी..." मग म्हणाली, "आगं, मग इचारायचं न्हाई का, कसला वाडा ते?" आणि पदर खाली घेत, "मला वाटायचं, माज्या अंगाला मेंढरांचा वास येतू म्हून पोर दिली न्हाई. दर साली येताना कालव्यावर आंगुळ करून यायची मी. साबणानं."

हे सगळं लिहून तुमच्या लेकीला पाठवायचं मी ठरवलं होतं. आपली आई काय होती ते तिलाही कळू दे म्हणून. ते आता पाठवणार नाही, कारण ती फाईल मागेल, आणि फायलीला दुसरं पान आहे.

त्या पानावर तुमचं अक्षर नाही. आतल्या खोलीत तुम्ही मला खुर्चीवर बसवलंत, कागद पुढे केलात आणि विचारलंत, "तुला जायचंय वाड्यावर?" तुमचं काहीतरी चुकतंय हे मला तुमच्या तोंडावरून दिसत होतं. वाडा म्हणजे काय, हे मी एका वाक्यात सांगू शकले असते. पण सांगितलं असतं तर तुम्ही मला पाठवलं असतंत. मला पलंग आवडायला लागला होता. शाळेत माझा पहिला नंबर आला होता. मी लिहिलं, "मला आईकडे जायचे नाही," आणि खाली सही केली. दहा वर्षांच्या पोरीला असं विचारू नये, बाई. आज मी कुठल्याच पोराला असं विचारत नाही. पण विचारलंत तुम्ही आणि लिहिलं मी.

आईनं पान हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. "आन ह्याच्यावर काय लिवलंय गं?"

"काय न्हाई," मी म्हटलं. "त्या बाईचंच हाय समदं."