पिवळ्या उजेडातली बोलणी

ऐरोली, ४ फेब्रुवारी २०२४

सौ. राजलक्ष्मीताईंना सुमेधाचा स. न. वि. वि.

फोनवर मुलांचे कान असतात, म्हणून हे पत्र. परवा तुमच्या घरी निशांत-जाईचं लग्न ठरलं आणि मी मोकळी झाले. पोह्यांत साखर जरा जास्त होती, पण मुलगी गोड आहे. व्याह्यांनी तो शंभर वॅटचा बल्ब मात्र अजून सोडलेला नाही! मी सोसायटीची सेक्रेटरी झाले आणि पहिल्यांदा पिवळे बल्ब हद्दपार केले. आता आमच्या जिन्यात सांडलेली मोहरीसुद्धा वेचता येते. रविवारी जाईला जेवायला पाठवा.

लोभ जडला आहे, तो वाढता राहू दे.
सुमेधा

खांदेश्वर, ८ फेब्रुवारी

सौ. सुमेधाताईंना राजलक्ष्मीचा सा. न.

तुमचं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांचं म्हणणं, पांढऱ्या उजेडात घरची माणसं दवाखान्यातली वाटतात. चाळीस वर्षांची सवय, काय करणार? जाई रविवारी येतेय. तिचं कसं होईल या काळजीत माझी दोन वर्षं गेली; आता देवापुढे रोज दोन मिनिटं जास्त बसते. तिच्या हातची आमटी पातळ होते, तेवढं सांभाळून घ्या.

तुमची माया अशीच असू द्यावी.
राजलक्ष्मी

ऐरोली, १२ फेब्रुवारी

सौ. राजलक्ष्मीबाई,

जाई जेवून गेली. गॅसपाशी मदत करताना तिने केस वर बांधले आणि आमच्या एलईडीखाली मला तिच्या मानेवर, कानामागे पांढरा डाग दिसला. वाटीएवढा. मी वाढता वाढता थांबले. तुमच्याकडे तीन संध्याकाळी मी तिच्या शेजारी बसले, तेव्हा काही दिसलं नव्हतं. व्याह्यांना तो बल्ब एवढा का प्रिय, ते आता कळलं. केसाने गळा कापलात.

उत्तर लगेच यावं.
सुमेधा

खांदेश्वर, १५ फेब्रुवारी

सौ. सुमेधाताईंना हात जोडून नमस्कार.

कोड आहे, पण लपवलेलं नाही. बल्बचं तर आमच्या मनातही आलं नाही, मुलांची शपथ. पहिल्याच भेटीत, खांदेश्वर स्टेशनबाहेर भर दुपारी, जाईने केस बाजूला करून निशांतला दाखवलं होतं. तो म्हणाला, "मला चालेल." त्याने घरी सांगितलं असेल असं आम्ही धरून चाललो, हीच चूक झाली. डॉक्टर सांगतात की हे कुणाला लागत नाही. ताई, मी लाचार होऊन लिहितेय. पोरीचा जीव निशांतवर जडलाय. तुम्ही म्हणाल ते करू.

कृपा असावी.
राजलक्ष्मी

ऐरोली, १९ फेब्रुवारी

सौ. राजलक्ष्मीबाईंना नमस्कार.

निशांतला विचारलं. माहीत होतं म्हणाला. चारचौघांना दिसेल हे मात्र त्याच्या डोक्यात आलं नव्हतं, आता आलंय. मी काही राक्षसीण नाही. म्हणाल ते करू असं तुम्हीच लिहिलंत, तर गोरज मुहूर्ताला हॉलमध्ये एकही पांढरा दिवा नको. सगळीकडे तुमचे ते पिवळे बल्ब लावा. आमची चारशे माणसं येणार आहेत. मग पुढचं बघू.

बाकी सर्व ठीक.
सुमेधा

खांदेश्वर, ११ मार्च

सौ. सुमेधाताईंना सा. न.

बल्ब जमले. दुकानदार आता ठेवत नाहीत. तीन आठवडे आमचे हे पनवेल, पेण, उरण फिरले. एका दुकानात माळ्यावर चढून खोकं स्वतः काढलं, त्यांचा गुडघा सुजलाय. एकूण चौसष्ट झाले, एकेक लावून पाहिला. हॉलवाला तयार आहे. काल जाईला बल्बखाली उभं करून मी चारी बाजूंनी पाहिलं, काही दिसत नाही. सांगितलं तशी ती वळत राहिली. आईने असं करू नये, मला कळतं, लाजही वाटली. पण तिचा संसार उभा राहू दे.

पदरात घ्यावं, एवढंच मागणं.
राजलक्ष्मी

ऐरोली, २८ एप्रिल

सौ. राजलक्ष्मीताईंना सुमेधाचा स. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, राग नसावा. हॉलमध्ये निभावलं असतं हो, पण दुसऱ्या दिवशी सकाळ होतेच, आणि सून रोज डोळ्यांपुढे असते. म्हणून निशांतचं रंजिताशी ठरवलं. मुलगी दुपारी गॅलरीत बसवून पाहिली. निशांतची काही तक्रार नाही.

तुमच्याकडे एक काम होतं. रंजिताच्या घरच्यांना हॉलमध्ये पिवळ्या बल्बांच्या माळा हव्यात, फोटो छान येतात म्हणे. बाजारात तर कुठे मिळेनात. तुमचे चौसष्ट आता पडूनच असतील. शनिवारी आमचा वॉचमन सीताराम येईल. एकेक बल्ब कागदात गुंडाळून खोकं भरायला जाईला सांगा, तिचा हात हळुवार आहे.

आपल्यातला लोभ होता तसाच राहावा.
सुमेधा