सात नंबरची भिंत

६ एप्रिल, सोमवार

झालं ते असं.
१. शुक्रवारी मेट्रोत, मयूर विहार ते नोएडा, मी धवलला सांगितलं की नावं लपवली तरी त्याचा स्कॅन मला ओळखता येतो. त्याच्या मानेतली धमनी इतरांपेक्षा वर, जबड्याजवळ दुभंगते. तो सात नंबर.
२. हे खाजगीत सांगितलं होतं.
३. आज मीटिंगमध्ये लॅबप्रमुख वासंती मॅडमनी तिसरी वाचक नेमली. कारण, ‘एका वाचकाला स्कॅन कोणाचा ते कळतं.’
४. मेट्रोत ऐकणारे दुसरे फक्त शेजारचे काका. ते झोपले होते.

अभ्यास साधा आहे. एमआरआयवर धमनीच्या भिंतीची जाडी मोजली आणि पुन्हा मोजली, तर तीच येते का? व्हॉलंटियर आम्ही लॅबवालेच. प्रत्येक जण मशीनमध्ये दोनदा झोपला, आठवड्याच्या अंतराने. वाचक, म्हणजे स्कॅनवर रेघ मारून जाडी मोजणारे, मी आणि धवल. भिंत पडद्यावर जेमतेम दोन पिक्सेलची. रेघ केसभर सरकली की आकडा बदलतो, आणि माणूस ओळखीचा असला की हात सरकू शकतो, म्हणून नावं लपवायची.

माझा हात सरकत नाही. त्यामुळे मला नाव कळलं तरी फरक पडत नाही. हे धवलला माहीत असायला हवं होतं.

राग आलेला नाही. ठराव: त्याच्याशी कामापुरतंच बोलणे.

७ एप्रिल, मंगळवार

धवल गुड मॉर्निंग म्हणाला. मी ईमेलने उत्तर दिलं.

आजपासून लेडीज कोच. त्याने व्हॉट्सॲपवर विचारलं, कुठे आहेस यार? लिहिलं, पहिल्या डब्यात. कारण विचारलं नाही. म्हणजे कारण माहीत आहे.

९ एप्रिल, गुरुवार

दुसऱ्या फेरीचे स्कॅन मोजले. सात नंबर पहिल्या फेरीत ०.९ मिलिमीटर होता, आज १.२. तीनदा मोजला. तिन्ही वेळा १.२. याला म्हणतात स्थिर हात.

मनात अपराधीपणा असला की रक्तदाब वाढतो. निष्कर्ष काढत नाही, फक्त नोंद करते.

राधाला सांगितलं. राधा माझी रूममेट, लातूरची, यूपीएससी करते. तिने विचारलं, तुला तो मुलगा आवडतो की त्याची धमनी? मी म्हटलं, प्रश्नच चुकीचा आहे. ती म्हणाली, अच्छा, मग पर्याय ड, वरील दोन्ही. अभ्यासाने माणूस असा होतो.

१३ एप्रिल, सोमवार

धवलविरुद्धच्या तक्रारीचा मसुदा तयार. चार पानं, दोन आकृत्या. तिसरी वाचक रसिका हिचे आकडे आले की मॅडमना देणार. रसिका ट्रेनिंगवर आहे, रेघ मारताना जीभ बाहेर काढते. पण तिचे आकडे माझ्याशी जुळणार, कारण भिंत तीच आहे.

धवलने टेबलावर चहा ठेवला. थंड होऊ दिला. मग प्यायले, वाया जाऊ नये म्हणून.

१७ एप्रिल, शुक्रवार

आकडे आले.

सात नंबर: धवल दोन्ही फेऱ्यांत ०.९. रसिका दोन्ही फेऱ्यांत ०.९. मी ०.९, नंतर १.२.

मॅडम म्हणाल्या, एक हफ्ते में इतनी मोटी हो गई तो इस आदमी को लॅब नहीं, अस्पताल भेजो. सगळे हसले. धवल हसला नाही. ही त्याची चाल असावी.

चार नंबरची भिंत मी दोन्ही वेळा बाकीच्या वाचकांपेक्षा पातळ मोजली आहे. माझ्या मते ती भिंत सुबकच आहे. रसिका सगळ्यांसमोर म्हणाली, चार नंबर तुम्हीच ना ताई, दाढेतल्या फिलिंगची सावली दिसते. म्हणजे तीही ओळखते. हे मिनिट्समध्ये कोणी घेतलं नाही.

मॅडमचा निष्कर्ष: पद्धत विश्वासार्ह आहे, एक वाचक नाही. पुढच्या मोठ्या अभ्यासात खरे पेशंट असतील, वाचक धवल आणि रसिका. ही जागा मिळावी म्हणून मी पुणे सोडलं होतं. मला मशीन तपासायला वापरतात त्या जेल भरलेल्या नळ्या मोजायच्या आहेत. नळ्यांशी तुझी ओळख नाही, असं मॅडम म्हणाल्या.

हे बढतीसारखंच आहे. नळ्या कुणाला काही सांगत नाहीत.

२० एप्रिल, सोमवार

प्लॅटफॉर्मवर धवल भेटला. म्हणाला, मयुरा, दोन मिनिटं ऐक, मी तुला आधीच सांगणार होतो. मी म्हटलं, माझी ट्रेन आली. त्याचीही तीच ट्रेन होती. तो दुसऱ्या डब्यात चढला.

ऐकायला हवं होतं असं राधाचं मत. माझं नाही. पण ‘आधीच’ म्हणजे नक्की कधी, हे विचारायचं राहिलं.

२१ एप्रिल, मंगळवार

तक्रार दुरुस्त केली. आकड्यांची पानं काढली, ती आता धवलच्या बाजूने बोलतात. आकृत्या काढल्या. नियमांचं पान काढलं, त्यात नियम कोणी मोडला ते लिहावं लागतं. मॅडमचं नाव काढलं. उरलं ते संध्याकाळी धवलला पाठवलं:

धवल,
मॅडमकडे जाण्याआधी तुला मला सांगता आलं असतं. का सांगितलं नाहीस?
शुक्रवार, २४ एप्रिलपर्यंत उत्तर दे.
मयुरा